दर नंतर, आधी तारीख

२२ सप्टेंबर २०२५. घटस्थापनेचा सोमवार. इचलकरंजीत आमच्या ऑफिसचं शटर अर्धं वर गेलं होतं, तेवढ्यात वह्या-पुस्तकांच्या दुकानाचे मालक खाली वाकून आत आले. चेहऱ्यावर सण होता. "मॅडम, वह्यांचा जीएसटी गेला बघा! बाराचा थेट शून्य!" खरंच गेला होता. वह्या, पेन्सिली, शार्पनर, खोडरबर, सगळं त्या सकाळपासून करमुक्त. मी एवढंच विचारलं, "काल रात्री दुकान बंद करताना वह्यांचा स्टॉक किती होता?" ते म्हणाले, "असंल की दोन-अडीच लाखांचा. का ओ?"

कारण त्या वह्या त्यांनी बारा टक्के कर देऊन घेतल्या होत्या आणि त्या कराचं क्रेडिटही उचललं होतं. विक्रीवर कर असेतोवर ते क्रेडिट हक्काचं. विक्री करमुक्त झाली की त्या दिवशी शिल्लक असलेल्या मालावरचं क्रेडिट परत करावं लागतं. अडीच लाखांवर बारा टक्के म्हणजे तीस हजार. चहा येईपर्यंत त्यांचा सण उतरला. पण घोळ तीस हजारांचा नव्हता. २१ तारखेच्या रात्रीचा स्टॉक त्यांनी मोजलाच नव्हता. त्यामुळे अडीच लाख की दीड लाख, हे सांगायला त्यांच्याकडे कागद नव्हता. दर तोंडपाठ होता. त्या तारखेला आपण काय करायचं असतं, ते कुणी सांगितलेलं नव्हतं. यात चूक माझीही आहे. ३ सप्टेंबरला जीएसटी कौन्सिलची बैठक संपली तेव्हाच मी त्यांना फोन करायला हवा होता.

इतकी वर्षं दुसऱ्यांचे हिशेब आणि रिटर्न्स बघून माझ्या ध्यानात आलेली गोष्ट एकच आहे. करात काही बदललं की लोक दर पाठ करतात आणि तारीख विसरतात. दर काय, कुठेही सापडतो. पण बदल कोणत्या दिवसापासून, त्या दिवशी मी कुठे उभा होतो, माझा माल कुठे होता, बिल कधी फाडलं, पैसे कधी आले, हे नंतर शोधून सापडत नाही. म्हणून नवा नियम कानावर आला की पहिला प्रश्न 'किती टक्के?' हा विचारू नका. 'कधीपासून?' हा विचारा.

जाहीर झालं, लागू कुठे झालं?

१ फेब्रुवारीला अर्थमंत्र्यांचं भाषण संपायच्या आत माझ्या मोबाइलवर चाळीस मेसेज असतात. त्यांतले निम्मे लोक भाषणाला कायदा समजतात. भाषणात असतात ते प्रस्ताव. ते वित्त विधेयकात येतात, संसदेत त्यावर चर्चा होते, दुरुस्त्या होतात, राष्ट्रपतींची सही होते आणि मग तो कायदा होतो. बहुतेक तरतुदी १ एप्रिलपासून लागू होतात, पण सगळ्या नाही. काही भाषणाच्याच दिवसापासून, काही १ ऑक्टोबरपासून.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण २०२४ चं. त्या वर्षी निवडणुकीमुळे पूर्ण अर्थसंकल्प २३ जुलैला आला. जमीन किंवा घर विकून होणाऱ्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर तोवर २० टक्के कर होता, पण खरेदीची किंमत महागाई निर्देशांकाने वाढवून धरता यायची. भाषणात सांगितलं की आता दर साडेबारा टक्के, पण निर्देशांकाचा फायदा बंद, आणि हे आजपासूनच. त्या रात्री जयसिंगपूरच्या एका निवृत्त शिक्षकांचा फोन आला. २००३-०४ मध्ये दहा लाखांना घेतलेल्या घराचा पंचेचाळीस लाखांत सौदा ठरत आला होता. जुन्या हिशेबाने खरेदीची किंमत वाढून सव्वातेहतीस लाखांच्या वर जात होती आणि कर सुमारे दोन लाख चौतीस हजार येत होता. नव्या हिशेबाने पस्तीस लाखांवर साडेबारा टक्के, म्हणजे चार लाख सदतीस हजार पाचशे. सर म्हणाले, "मी सौदा मोडतो."

मी त्यांना पंधरा दिवस थांबायला सांगितलं. त्यात माझी हुशारी काही नव्हती. विधेयक मंजूर व्हायचं होतं, एवढंच मला माहीत होतं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सरकारने स्वतःच दुरुस्ती आणली. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेली जमीन किंवा घर निवासी व्यक्तीने किंवा हिंदू अविभक्त कुटुंबाने विकलं, तर दोन्ही पद्धतींनी हिशेब करून ज्यात कमी कर येईल तो भरायचा. सौदा झाला, सरांनी दोन लाख चौतीस हजार आणि वर सेस भरला. आजही ज्यांच्याकडे जुनं घर आहे त्यांनी हे लक्षात ठेवावं. मात्र सोनं, शेअर किंवा २३ जुलै २०२४ नंतर घेतलेलं घर असेल, तर हा पर्याय नाही.

जीएसटीत प्रकार थोडा वेगळा. तिथे बदलाला ठरलेला महिना नाही, कौन्सिल बसेल तेव्हा. पण कौन्सिल करते ती शिफारस. तो कायदा होतो अधिसूचना निघाल्यावर. २०२५ च्या मोठ्या बदलात कौन्सिलची बैठक ३ सप्टेंबरला झाली, दरांची अधिसूचना १७ ला निघाली आणि दर २२ पासून लागू झाले. मधल्या एकोणीस दिवसांत टीव्ही-एसीची गिऱ्हाइकं दुकानात येऊन भाव विचारून परत जात होती, आणि एक-दोन उत्साही दुकानदारांनी नव्या दराने बिलंही फाडली. त्यांना तो फरक खिशातून घालावा लागला.

तारीख उलटल्यानंतरही जुना दर मरत नाही, हेही ध्यानात ठेवा. २२ सप्टेंबरच्या आधी विकलेला माल ऑक्टोबरात परत आला तर क्रेडिट नोट जुन्याच दराने निघते, कारण ती मूळ बिलाची सावली असते. अठरा टक्के देऊन घेतलेला साबण-तेलाचा माल नंतर पाच टक्क्यांनी विकला, तरी आधीचं क्रेडिट शाबूत. ते परत करावं लागतं ते फक्त विक्री करमुक्त झाली तर, वह्यांसारखं. म्हणून बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये जुना दर पुसून त्यावर नवा लिहू नका. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये 'कोणत्या तारखेपासून लागू' अशी चौकट असते. नवा दर त्या तारखेसह वाढवा. दर पुसून लिहिणाऱ्यांचं काय होतं ते मी पाहिलंय. पुढच्या वर्षी जुनं बिल पुन्हा छापलं की त्यावर भलताच कर उमटतो.

२०२६-२७ नावाची दोन वर्षं

आयकराचा १९६१ चा कायदा बदलून २०२५ चा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू आहे. कलमं आठशेच्या वरून ५३६ वर आली. भाषा थोडी सोपी झाली असं म्हणतात. मला अजून तसा अनुभव यायचाय. सामान्य माणसाचा कर यामुळे बदललेला नाही. बदलली ती नावं आणि आकडे. ज्या ८०सी कलमाखाली पिढ्यान्‌पिढ्या एलआयसीच्या पॉलिसी विकल्या गेल्या, ते आता १२३ वं कलम. टीडीएसची १९४ च्या पुढे बाराखडी लावलेली सगळी कलमं ३९३ व्या कलमाच्या तक्त्यांत जाऊन बसली, पगारावरचा टीडीएस तेवढा ३९२ मध्ये.

यात फसण्याची जागा एकच आहे, पण ती पक्की आहे. जुन्या कायद्यात 'आकारणी वर्ष' असायचं. कमाईचं वर्ष संपलं की त्यापुढचं. नव्या कायद्यात फक्त 'कर वर्ष', म्हणजे ज्या वर्षी कमावलं तेच वर्ष. आता गंमत बघा. एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ या काळातल्या कमाईचं रिटर्न जुन्याच कायद्याने भरायचं आणि त्यावर आकारणी वर्ष लिहायचं २०२६-२७. आणि एप्रिल २०२६ पासून होणाऱ्या कमाईचा अ‍ॅडव्हान्स टॅक्स भरताना कर वर्ष निवडायचं तेही २०२६-२७. आकडे तेच, वर्षं दोन. चलन भरताना घाईत चुकीची ओळ निवडली की पैसे सरकारकडे सुखरूप पोचतात, फक्त तुमच्या दुसऱ्याच खात्यावर; आणि मग 'कर भरला नाही' अशी नोटीस येते. चलन भरण्याआधी स्वतःला एकच विचारा: ही कमाई ३१ मार्च २०२६ च्या आधीची की नंतरची? घरातल्या फाइलींवरही 'आकारणी वर्ष' लिहिणं सोडा आणि साध्या मराठीत 'एप्रिल २५ ते मार्च २६ ची कमाई' असं लिहा. माझ्या कपाटात आता सगळीकडे तसंच आहे.

बारा लाखांची गोष्ट

"बारा लाखांपर्यंत टॅक्स माफ झाला ना?" हा प्रश्न २०२५ पासून मला लग्नाच्या पंगतीतही विचारला गेलाय. उत्तर 'हो, पण' असं आहे आणि लोक 'हो' ऐकून पुढच्या पानाकडे वळतात.

एप्रिल २०२५ पासूनच्या कमाईला नव्या करपद्धतीत चार लाखांपर्यंत कर नाही, पुढे दर चार लाखांच्या टप्प्याला पाच, दहा, पंधरा, वीस, पंचवीस आणि चोवीस लाखांच्या वर तीस टक्के. बारा लाखांपर्यंत करपात्र उत्पन्न असेल तर जो साठ हजार कर येतो तो सवलत म्हणून माफ होतो. पगारदारांना आणि निवृत्तिवेतनधारकांना पंच्याहत्तर हजारांची प्रमाणित वजावट मिळते, म्हणून त्यांची रेघ पावणेतेरा लाखांवर. बारा लाख दहा हजार उत्पन्न झालं म्हणून एकदम साठ हजारांचा फटका बसत नाही; वरच्या दहा हजारांपेक्षा जास्त कर घ्यायचा नाही अशी सोय आहे, त्यावर चार टक्के सेस तेवढा.

ही सवलत टप्प्यांच्या दराने लागणाऱ्या करावर आहे. शेअर किंवा इक्विटी म्युच्युअल फंड विकून झालेल्या नफ्यावर खास दराने कर लागतो, तिथे ती चालत नाही. समजा, वजावटीनंतर पगार नऊ लाख आणि वर्षापेक्षा जास्त काळ ठेवलेले शेअर विकून सव्वादोन लाखांचा नफा. बेरीज सव्वाअकरा, बाराच्या आत. पगारावरचा कर माफ. शेअरच्या नफ्यातले सव्वा लाख मोकळे, राहिलेल्या एक लाखावर साडेबारा टक्के. सेस धरून तेरा हजार भरायचे. 'बाराच्या आत आहे' म्हणून अ‍ॅडव्हान्स टॅक्स न भरणाऱ्यांना वर व्याजही पडतं.

याच सवलतीवरून २०२४ साली एक प्रकरण झालं. जुलैच्या सुरुवातीला रिटर्न भरण्याच्या सरकारी प्रणालीत बदल झाला आणि अशा खास दराच्या उत्पन्नावर सवलतीचा दावाच करता येईना. कायद्याचे शब्द तसं सांगत होते का, यावर वाद होता. पण पोर्टल चौकटीत आकडाच घेत नव्हतं. मुंबईच्या चेंबर ऑफ टॅक्स कन्सल्टंट्स या संस्थेने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाच्या आदेशानंतर उशिराच्या रिटर्नची मुदत ३१ डिसेंबरवरून १५ जानेवारी २०२५ झाली, आणि जानेवारीतच न्यायालयाने ठरवलं की करदात्याला दावा मांडूच न देणारी प्रणाली चालणार नाही. एप्रिल २०२५ पासूनच्या कमाईसाठी कायद्यातच स्पष्ट केल्यामुळे तो वाद आता उरला नाही. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे, हे मात्र त्यातून उरलं. सॉफ्टवेअर 'नाही' म्हणालं म्हणून हक्क सोडू नका आणि 'हो' म्हणालं म्हणून निर्धास्त होऊ नका.

मुदतठेवीवर जगणाऱ्या मंडळींसाठी एक वेगळी तारीख: १ एप्रिल २०२५ पासून ज्येष्ठ नागरिकांच्या बँकेतल्या व्याजावर वर्षाला एक लाखापर्यंत टीडीएस कापला जात नाही, आधी ही मर्यादा पन्नास हजार होती. इतरांसाठी चाळीसची पन्नास झाली. आमच्या शेजारच्या काकूंनी याचा अर्थ 'व्याज आता करमुक्त' असा लावला आणि रिटर्नमध्ये दाखवलंच नाही. टीडीएस कापला नाही म्हणजे कर नाही, असं नसतं. बँक ती माहिती आयकर खात्याला कळवतेच. पोर्टलवर वार्षिक माहितीपत्रक उघडून बघा, तुमच्या पासबुकातल्या बहुतेक मोठ्या गोष्टी तिथे आधीच येऊन बसलेल्या असतात.

शेजारच्या खात्यातून येणारे बदल

धंदेवाल्यांचं दुखणं निराळं. त्यांच्या अंगावर येणारा बदल बऱ्याचदा करखात्याच्या दारातून येतच नाही.

आमच्या गावात उधारीवर सगळं चालतं. सूत उधारीवर, ग्रे कापड उधारीवर, दुसऱ्याचं कापड मजुरीवर विणून देणाऱ्या खर्चीवाल्याची मजुरीसुद्धा उधारीवर. साठ दिवस, नव्वद दिवस, कधी दिवाळी ते दिवाळी. २०२३ च्या अर्थसंकल्पाने आयकराच्या ४३बी कलमात 'एच' हे एक अक्षर वाढवलं. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून घेतलेल्या मालाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत, नसेल तर पंधरा दिवसांत द्यायचे; मुदत उलटून ३१ मार्चला देणं शिल्लक राहिलं, तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळणार नाही. ज्या वर्षी पैसे द्याल त्या वर्षी मिळेल. अंमल २०२३-२४ च्या हिशेबापासूनच. बहुतेकांच्या डोक्यात हे शिरलं ते फेब्रुवारी २०२४ मध्ये. मार्चमध्ये काही व्यापाऱ्यांनी कारखानदाराचा माल चक्क परत पाठवला, 'एप्रिलमध्ये घेतो' म्हणून. ज्याच्या भल्यासाठी नियम केला त्याचेच गठ्ठे गोदामात परत. वर्षभर आधी ज्यांनी तारीख वाचली त्यांनी लेखी करार करून घेतले आणि ते निभावले.

पण मला सांगायचंय ते पुढचं. हा नियम कुणाला लागू, हे ठरतं सूक्ष्म आणि लघु उद्योगाच्या व्याख्येवरून, आणि ती व्याख्या आयकर खात्याची नाही, उद्योग मंत्रालयाची आहे. १ एप्रिल २०२५ पासून ती बदलली. लघु उद्योगाची उलाढालीची मर्यादा पन्नास कोटींवरून शंभर कोटी झाली, सूक्ष्मची पाचवरून दहा. यंत्रसामग्रीतल्या गुंतवणुकीच्या मर्यादाही अडीचपट झाल्या. म्हणजे कालपर्यंत 'मध्यम' असलेली सूतगिरणी आज 'लघु' झाली असू शकते आणि तुमचे पंचेचाळीस दिवस सुरू झालेले असतात. आयकराच्या कलमात एक अक्षर न बदलता. यावर उपाय फार साधा आहे. दर एप्रिलमध्ये प्रत्येक पुरवठादाराकडून त्याच्या उद्यम नोंदणीची ताजी प्रत मागायची आणि तो उत्पादक आहे की नुसता व्यापारी, तेही बघायचं. नुसत्या व्यापाऱ्याला या संरक्षणाचा लाभ नाही. जे दुकानदार अंदाजित नफ्यावर सहा किंवा आठ टक्के दाखवून रिटर्न भरतात, त्यांनी यासाठी झोप मोडू नये.

दुसरा बदल दोघा भावांच्या फर्मचा. भागीदारी पेढीने भागीदाराला दिलेला पगार, व्याज, कमिशन यावर पूर्वी टीडीएस नव्हता. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला वीस हजारांच्या वर गेलं की दहा टक्के कापायचा. आमच्याकडे निम्म्या पेढ्यांना टॅन नंबरच नव्हता, कारण कधी लागला नव्हता. आणि आपली पद्धत काय, तर वर्षभर भाऊ लागतील तसे पैसे उचलतात आणि ३१ मार्चला एका नोंदीत व्याज-पगार भांडवल खात्याला जमा होतो. ती नोंद हीच जबाबदारी; हातात रोख पडली पाहिजे असं नाही. मार्चचा टीडीएस ३० एप्रिलपर्यंत भरता येतो, इतर महिन्यांचा पुढच्या ७ तारखेपर्यंत. चुकलात तर कापून न भरलेल्या रकमेवर महिन्याला दीड टक्का व्याज, आणि त्या खर्चातला तीस टक्के भाग त्या वर्षी नामंजूर.

तिसरा, दुकानाच्या भाड्याचा. १० ऑक्टोबर २०२४ पासून तुम्ही नोंदणीकृत आणि दुकानाचा मालक बिगरनोंदणीकृत असेल, तर त्या भाड्यावर अठरा टक्के जीएसटी तुम्ही भरायचा आणि त्याचं क्रेडिट घ्यायचं. कंपोझिशन योजनेतल्या दुकानदारांना नंतर यातून वगळलं. वर्षाच्या मध्यावर, दसऱ्याच्या गडबडीत आलेला हा नियम कितीजणांना वर्षअखेरीस ऑडिटरने सांगितला, ते विचारू नका.

राज्याचे नियमही विसरले जातात. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२३ पासून महिना पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या महिलांना प्रोफेशन टॅक्स नाही. आधी ही मर्यादा दहा हजार होती. शिवणकामाच्या एका युनिटमध्ये चौदा-पंधरा हजार पगाराच्या बायकांच्या पगारातून पुढचे कित्येक महिने दोनशे रुपये जात होते. पगारपत्रकाच्या सूत्रात ते बसलेलं होतं आणि सूत्राकडे कोण बघतो! बायकांना परत देताना मालकांनी पेढे वाटले, हे मात्र सांगायला हवं.

मोबाइलवर आलेलं

एप्रिल २०२५ मध्ये 'दोन हजारांच्या वरच्या यूपीआयवर जीएसटी' असा मेसेज फिरला. अर्थ मंत्रालयाला १८ तारखेला पत्रक काढून सांगावं लागलं की असा कुठलाही प्रस्ताव नाही. तोवर आमच्या बाजारातल्या दोन दुकानांनी क्यूआर कोडवर कागद चिकटवला होता. पुढे जुलैमध्ये सीमेपलीकडे कर्नाटकात छोट्या दुकानदारांना यूपीआयवर आलेल्या रकमांच्या आधारे नोटिसा गेल्या आणि पुन्हा तीच भीती. दोन्ही गोष्टी लोकांनी एकात कालवल्या. यूपीआयवर कर नाही. पण यूपीआयमुळे तुमची उलाढाल दिसते, आणि उलाढालीला मर्यादा आहे: फक्त माल विकत असाल तर महाराष्ट्रात वर्षाला चाळीस लाख, सेवा असेल तर वीस लाख. कापड विकून वर शिवूनही देत असाल तर चाळीस नव्हे, वीस. फक्त भाजीपाला-दूध असा करमुक्त माल विकणाऱ्याला उलाढाल कितीही असली तरी नोंदणी लागत नाही. पैसे रोखीत घेतले म्हणून मर्यादा वाढत नाही.

मेसेज खरा की खोटा, हे बघायला मी तीनच गोष्टी शोधते: अधिसूचनेचा किंवा परिपत्रकाचा क्रमांक, तारीख, आणि 'पासून' हा शब्द. तिन्ही नसतील तर पुढे ढकलत नाही. तिन्ही असतील तर आयकर खात्याच्या किंवा केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकून मूळ कागद उघडते. मूळ कागद दोन पानांचा असतो, त्यावरचे यूट्यूबचे व्हिडिओ चाळीस मिनिटांचे. आयकर खात्याची नोटीस म्हणून काही आलं तर त्यावरचा डीआयएन क्रमांक पोर्टलवर तपासता येतो. ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या पत्रांवर तो असतो. तपासणी लॉग-इन न करताही होते.

आणि आज घरी गेल्यावर एक करा. आयकर आणि जीएसटी, दोन्ही पोर्टलवर तुमच्या नावापुढे कुणाचा मोबाइल आणि ईमेल आहे ते बघा. दहापैकी सहा ठिकाणी तो सल्लागाराचा सापडतो, आणि कधी कधी चार वर्षांपूर्वी सोडून दिलेल्या सल्लागाराचा. नोटीस बिचारी पोचलेली असते, तुम्हाला सोडून सगळ्यांना. जीएसटीच्या पोर्टलवर नोटिसांची जागाही एक नाही. 'नोटिसा आणि आदेश' या नावाखाली काही, आणि 'जादा नोटिसा आणि आदेश' या दुसऱ्या नावाखाली बाकीच्या. पहिली रिकामी बघून लोक निश्चिंत होतात.

एक दोनशेपानी वही

यासाठी अ‍ॅप लागत नाही. एका वहीत प्रत्येक बदलाला एक ओळ द्या: कोणत्या तारखेपासून, काय, मला लागू आहे का, क्रमांक काय, आणि मी नेमकं काय करायचं. शेवटचा रकाना रिकामा राहिला तर ती बातमी होती, बदल नव्हता. उदाहरणार्थ, '१ ऑक्टोबर २०२४. कमिशनवरचा टीडीएस पाचवरून दोन टक्के. लागू, दोन दलाल आहेत. ३० सप्टेंबरपर्यंतचं कमिशन त्याच तारखेला जमा करून घेणे.' किंवा 'जुलै २०२५ पासूनची विवरणं, जीएसटीच्या ३बी या मासिक विवरणातला देय कराचा आकडा हाताने बदलता येत नाही, लागू, विक्रीची चूक ३बी भरण्याआधी १ए या दुरुस्तीच्या विवरणात सुधारणे.' पाठीमागच्या पानावर न हलणाऱ्या तारखा लिहा: अ‍ॅडव्हान्स टॅक्सच्या १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च, कंपोझिशन निवडायची असेल तर ३१ मार्च, राहून गेलेलं जीएसटी क्रेडिट घ्यायची शेवटची मुदत ३० नोव्हेंबर. रिटर्नची तारीख पेन्सिलीने लिहा. २०२५ साली ती ३१ जुलैवरून १५ सप्टेंबर झाली आणि १५ च्या रात्री आणखी एक दिवस वाढली. अ‍ॅडव्हान्स टॅक्सची १५ सप्टेंबर मात्र जागची हलली नाही, आणि त्या दिवशी पोर्टलवर दोन्ही गर्दी एकाच दारात होती.

सल्लागाराकडे जाताना "काही नवीन आहे का?" असं विचारू नका. त्याचं उत्तर आम्ही "विशेष काही नाही" असंच देतो, कारण समोर वीस फाइली असतात. "माझ्या दुकानाचं भाडं, माझी फर्म, माझे दोन दलाल; यांत १ एप्रिलपासून काय बदललं?" असं विचारा आणि उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागा. लिहून द्यायचं म्हटलं की आम्हीही एकदा मूळ कागद उघडतो. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मात्र येऊ नका. एप्रिलमध्ये ११ ला विक्रीचं विवरण जातं, २० ला ३बी. मधल्या आठवड्यात, १४ तारखेची आंबेडकर जयंतीची सुट्टी सोडून, कधीही या. त्या दिवसांत आमच्याकडे बसायला खुर्चीही मिळते.